मोहफुलाचा गोडवा भट्टीत कसा गेला

पॅरिसमधल्या नामांकित पातिसरीच्या, म्हणजे फ्रेंच मिठाईच्या दुकानाच्या, काचेच्या कपाटात मांडलेले एक्लेर, मिलफेय, फळांचे तार्त पाहिले की पाहणाऱ्याचे लक्ष कारागिरीकडे जाते. लोणी किती पातळ थरांत पसरले आहे, पाक नेमका कोणत्या तारेवर उतरवला आहे, याचे कौतुक होते आणि ते योग्यच आहे. पण त्या कपाटातला गोडवा आला कुठून, हा प्रश्न कारागिरीइतकाच महत्त्वाचा आहे, आणि त्याचे उत्तर स्वयंपाकघरात सापडत नाही. अठराव्या शतकात फ्रान्सची साखर कॅरिबियन समुद्रातल्या सेंट-डोमिंग या वसाहतीतून, गुलामांच्या श्रमातून येत असे. १७९१ साली तिथल्या गुलामांनी बंड केले आणि १८०४ साली हैती स्वतंत्र झाला. पुढे इंग्लंडशी चाललेल्या व्यापारयुद्धात समुद्रमार्गे येणारी उरलीसुरली साखरही आटली. तेव्हा नेपोलियनने १८११ साली हुकूम काढून ३२,००० हेक्टर जमिनीवर बीट लावायला सांगितले. बीटात साखर आहे हे मारग्राफ या जर्मन रसायनज्ञाने १७४७ सालीच दाखवून दिले होते, पण तोवर हे कंद मुख्यतः गुरांच्या दावणीत आणि गरिबाच्या ताटात जात. १८१२च्या जानेवारीत बेंजामिन देलेसेरच्या पासी येथील कारखान्यात बीटाची चांगली साखर निघालेली पाहून नेपोलियनने स्वतःच्या छातीवरचे सन्मानचिन्ह काढून त्याला लावले, असे सांगतात. साखरेचे मनोरे रचणारा आंतोनां कारेम, ज्याच्यापासून आधुनिक फ्रेंच पाककलेची मांडणी सुरू झाली असे मानतात, तो याच काळातला. नेपोलियन पडल्यावर हा धंदा कोसळला, पण जकातीच्या आधाराने पुन्हा उभा राहिला. गुरांच्या खाद्याला राजाश्रय मिळाला आणि त्यातून एका देशाच्या मिठाईचा पाया घातला गेला.

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांचा, म्हणजे १९८२पर्यंत एकच असलेल्या जुन्या चांदा जिल्ह्याचा, गोडाचा इतिहास याच्या नेमका उलट आहे. इथे जंगलात दरवर्षी न पेरता, न शिंपता साखर पडते. ती मोहाच्या फुलात असते. वाळलेल्या मोहफुलाच्या वजनात निम्म्याहून अधिक वाटा साखरांचा असतो. एवढा गोडवा हाताशी असताना मोहफुलाची ओळख मात्र उरली ती दारूचे फूल म्हणून. ‘मोहाची’ एवढेच म्हटले तरी ऐकणारा पुढचा शब्द मनात भरून घेतो. असे का झाले, याचे नेहमीचे उत्तर असे की आदिवासी दारू पितात, म्हणून मोहाची दारू झाली. हे उत्तर अर्धवट आहे. मोहफूल खाण्याच्या यादीतून निघून अबकारीच्या यादीत गेले, त्यामागे चवीपेक्षा आणि परंपरेपेक्षा महसुलाचा आणि कायद्याचा हात मोठा होता, असे माझे म्हणणे आहे.

आधी हे फूल कसे आहे ते पाहू. फाल्गुन-चैत्रात मोहाची पाने झडतात आणि फांद्यांच्या टोकांना कळ्यांचे घोस लटकतात. फुले रात्री उमलतात आणि पहाटेपासून गळू लागतात. फिकट पिवळसर, मांसल, द्राक्षाच्या मण्याएवढी ही फुले दाबली तर बोटांना चिकट रस लागतो. बायका-मुले उजाडण्याआधी टोपल्या घेऊन झाडाखाली जातात, कारण ऊन चढले की फूल मऊ पडते आणि गुरे, हरणे, अस्वले यांचीही त्यावर नजर असते. वेचलेली फुले अंगणात पसरून वाळवतात. काही दिवसांत ती तांबूस-तपकिरी होतात, मनुकांसारखी आक्रसतात. मग ती काठीने झोडपून आतले केसर झाडून काढावे लागते. हे केसर राहिले तर घशाला खवखव सुटते आणि पाकाला कडवटपणा येतो. ताज्या फुलांचा रस काढून आटवला की मधासारखा पाक होतो. वाळलेली फुले भाजून तिळाबरोबर कांडली की लाडू होतो, पिठात मळली की भाकरी किंवा पुरी होते. फुलांनंतर येणाऱ्या फळातल्या बियांचे, टोळीचे, तेल निघते. तेही जुन्या काळापासून दिव्यात आणि कढईत वापरले जात आले आहे. एकाच झाडापासून साखर आणि स्निग्धता, म्हणजे कोणत्याही मिठाईला लागणाऱ्या दोन मुख्य गोष्टी, मिळत होत्या.

हे फूल आधी अन्न होते, याचा पुरावा तीन बाजूंनी मिळतो. पहिला सणांचा. गोंड आणि माडिया समाजात नवे पीक, नवे फळ, नवा कंद खाण्याआधी पंडुम करायची रीत आहे. देवाला नैवेद्य दाखवल्याखेरीज नव्याला तोंड लावायचे नाही. मोहफुलाचाही असा पंडुम असतो. ज्याला लोकांनी अन्नाच्या रांगेत बसवले, त्याच्यासाठीच हा विधी. दुसरा पुरावा दुष्काळांचा. १८७३-७४च्या बिहारमधल्या टंचाईत मोहफुलांनी हजारो लोकांना तगवले, असे तिथल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांनीच लिहून ठेवले आहे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांत मध्य प्रांतातल्या सरकारने राखीव जंगले फुले, फळे, कंद गोळा करण्यासाठी लोकांना खुली केली. एरवी ज्या फुलावर पहारा होता, तेच भुकेच्या वर्षी अन्न म्हणून मान्य झाले. तिसरा पुरावा सगळ्यात कठोर आहे. भिल्लांच्या मुलखात जाणाऱ्या लष्करी तुकड्या बंडखोर गावांना मोहाची झाडे तोडण्याची धमकी देत आणि गावे शरण येत, अशा नोंदी ब्रिटिश काळातल्या वनस्पतीविषयक ग्रंथांत आहेत. दारू बंद होईल या भीतीने गाव शस्त्र खाली ठेवत नाही. उपासमारीच्या भीतीने ठेवते. ती झाडे त्या गावांचे कोठार होती, हे धमकी देणाऱ्यांना पक्के ठाऊक होते.

आता कायद्याकडे वळू, कारण माझ्या म्हणण्याचा मुख्य आधार तिथे आहे. १८६१ साली मध्य प्रांत स्थापन झाला आणि चांदा त्यात गेला. जमीन महसुलाबरोबर अबकारी हे सरकारच्या उत्पन्नाचे मोठे साधन होते. भट्टीचे मक्ते लिलावाने दिले जात. मक्तेदाराने सरकारला मोठी रक्कम द्यायची आणि ती गिऱ्हाइकांकडून वसूल करायची. मक्तेदाराला भट्टी चालवायला स्वस्त कच्चा माल हवा होता, आणि मोहफुलापेक्षा स्वस्त माल दुसरा नव्हता. याउलट घरात लाडू करणाऱ्या किंवा पाक आटवणाऱ्या बाईकडून सरकारला एक पैसाही मिळत नव्हता. त्यामुळे फुलाचा एक उपयोग हिशेबाच्या वहीत चढला आणि दुसरा अदृश्य राहिला. शेजारच्या मुंबई इलाख्यात तर १८९२ साली खास मोहफुलांसाठी कायदाच झाला. घरगुती गाळपाने सरकारमान्य दारूचा खप घटतो, म्हणून फूल जवळ बाळगण्यावरच निर्बंध आले. मध्य प्रांतात १९१५चा अबकारी कायदा आला. १९२७च्या भारतीय वन कायद्याने वनोपजाच्या व्याख्येत मोहफूल आणि मोहाच्या बिया यांची नावे घालून स्पष्ट म्हटले की हे पदार्थ जंगलात सापडोत वा बाहेर, ते वनोपजच. म्हणजे शेताच्या बांधावरच्या, आजोबाने राखलेल्या मोहाचे फूलही कायद्याच्या नजरेत सरकारी मालाच्या जातीचे ठरले. स्वातंत्र्यानंतर १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्यात मोहफुलासाठी वेगळी कलमे आली आणि पुढे तो कायदा विदर्भातही चालू झाला. राज्यकर्ते बदलले, हेतूही बदलला. एकाला दारूतून पैसा हवा होता, दुसऱ्याला दारू नको होती. पण दोघांनीही फुलाकडे भट्टीच्या दारातूनच पाहिले.

यात फ्रान्सचा धागाही आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलॉक्सेरा या किडीने फ्रान्समधल्या द्राक्षबागा उद्ध्वस्त केल्या. वाइन आणि ब्रँडीचा तुटवडा पडला. तेव्हा मद्यार्क काढण्यासाठी जे जे गोड आणि स्वस्त मिळेल ते फ्रेंच व्यापारी विकत घेऊ लागले. त्यांत हिंदुस्थानातली वाळलेली मोहफुलेही होती. ज्या देशाने बीटासारख्या कंदातून साखर काढण्याचे तंत्र राष्ट्रीय कर्तव्य मानून वाढवले, त्याच देशात हे साखरेने भरलेले फूल पोचले, आणि पोचले ते थेट गाळपाच्या भांड्यात. त्या काळच्या पॅरिसमध्ये पातिसऱ्या होत्या, रसायनशास्त्र होते. पण फूल ज्या व्यापाराने आणले त्याला मिठाईत रस नव्हता. चव पारखण्याची वेळच आली नाही. पदार्थाचे भवितव्य त्याच्या गुणापेक्षा त्याला बाजारात आणणारा हात ठरवतो, याचे याहून स्वच्छ उदाहरण शोधायला नको.

चांद्यात मोहाचा गोडवा मागे पडत असताना तिथे दुसरा गोडवा बाहेरून येत होता. १८७०च्या दशकात कोळशासाठी वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत रेल्वे आली. १९२९ साली काझीपेठ-बल्लारशाह मार्ग पूर्ण होऊन उत्तर-दक्षिण गाड्या या मुलखातून धावू लागल्या. चहाच्या मळेवाल्यांनी १९०३ साली स्वतःवरच उपकर लावून घेऊन प्रचाराचा निधी उभा केला होता, आणि पुढे गिरण्या, खाणी, रेल्वे स्थानके इथे चहाची दुकाने काढून लोकांना सवय लावली. चहा आला की साखर आलीच. आज चंद्रपूरच्या कोणत्याही चौकातल्या हॉटेलात चहाबरोबर काचेच्या कपाटात जिलबी, बालुशाही, पेढा दिसतो. हेच या मुलखाचे टी-रूम, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या कपाटातली साखर तरी आपोआप आली का? १९३२ साली सरकारने साखर उद्योगाला जकातीचे संरक्षण दिले, आणि तीसच्या आसपास असलेले देशातले कारखाने पाच वर्षांत सव्वाशेच्या पुढे गेले. नगर जिल्ह्यात कालव्याचे पाणी, सहकाराचा कायदा, सरकारी हमी आणि विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांची जिद्द एकत्र आली म्हणून १९५० साली प्रवरेचा कारखाना उभा राहिला. यात कमीपणा काही नाही, अभिमान वाटावा असेच आहे. मुद्दा इतकाच की फ्रान्सच्या बीटाप्रमाणे महाराष्ट्राचा ऊसही राज्याच्या पाठबळावर गोड झाला. मोहाला मात्र त्याच राज्याकडून तपासनाके मिळाले.

या मांडणीवर पहिला आक्षेप असा येईल की आदिवासी स्वतःच पूर्वापार मोहाची दारू गाळत आले आहेत. देवाला, लग्नाला, मयताला ती लागते. मग दोष कायद्याला कशाला? वस्तुस्थिती खरी आहे. मोहाची दारू ब्रिटिशांनी शिकवली असे कोणी म्हणत असेल तर ते चूक आहे. पण विधीतली दारू आणि मक्त्याची दारू यांत प्रमाणाचा, वेळेचा आणि पैशाचा फरक आहे. एकाच घरात फुलांचा एक वाटा खाण्यासाठी आणि एक वाटा देवकार्यासाठी ठेवला जात होता. मक्तेदारीने या वाट्यांचे प्रमाण मोडले. चैत्रात रोख पैशाच्या गरजेपोटी घरातले बहुतेक फूल मीठ-मिरचीच्या बदल्यात व्यापाऱ्याला द्यायचे आणि पावसाळ्यात तेच चढ्या भावाने परत घ्यायचे, हे चक्र मध्य भारताच्या जंगलपट्ट्यात सर्वत्र चालत आले आहे. खाण्याचा वाटा तिथेच संपला.

दुसरा आक्षेप चवीचा. मोहफुलाला उग्र वास असतो, ते गरिबाचे अन्न आहे, शहरातल्या जिभेला रुचणार नाही, असे म्हणतात. वासाची गोष्ट खरी आहे, पण त्याचे कारण नीट पाहायला हवे. जमिनीवर मातीत, राखेत पडलेले फूल तसेच उचलले, अर्धवट वाळवून पोत्यात कोंबले की ते आंबते आणि तो वास येतो. स्वच्छ जाळीवर झेललेल्या, कडक उन्हात वाळवलेल्या फुलाला मनुका आणि खजूर यांच्या मधला वास असतो. मग लोक स्वच्छ का वेचत नाहीत? कारण दारूच्या सडव्यासाठी घेणाऱ्या व्यापाऱ्याला स्वच्छ फूल आणि मळके फूल सारखेच. त्याला ते आंबवायचेच आहे. ज्या मेहनतीला भाव नाही ती मेहनत कोण करणार? झाडाखालचा पालापाचोळा जाळून जमीन मोकळी करायची घातक सवय, ज्यातून दर उन्हाळ्यात जंगलाला वणवे लागतात, तीही याच बेपर्वा बाजाराची देणगी आहे. जाळीचा खर्च भरून निघेल इतका भाव मिळाला तर काडी लावायची गरज राहत नाही. गरिबाच्या अन्नाबद्दल तर इतिहासच बोलतो. बीट काय राजाच्या ताटातले होते?

तिसरा आक्षेप मला सगळ्यात गंभीर वाटतो आणि त्याला आदराने उत्तर द्यायला हवे. गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी झाली ती वरून लादलेली नव्हती. गावोगावच्या बाया, ग्रामसभा आणि डॉ. अभय व राणी बंग यांच्यासारखे कार्यकर्ते यांनी वर्षानुवर्षे लढून ती मिळवली. चंद्रपुरातही बायांच्या मोर्चांनंतर २०१५ साली बंदी आली आणि २०२१ साली उठली. अशा मुलखात मोहफुलाचा व्यापार मोकळा केला तर भट्ट्या वाढतील, ही भीती दारुड्या नवऱ्याचा मार खाल्लेल्या बाईची आहे, आणि तिला उडवून लावण्याचा अधिकार कोणालाही नाही. तरी विचार करा. गावठी दारूच्या सडव्यात मोहाबरोबर गूळही घालतात, पण गुळाला कोणी दारूचा पदार्थ म्हणत नाही. साखर कारखान्यांच्या मळीपासून राज्यात कितीतरी मद्यार्क तयार होतो, पण उसाच्या फडावर अबकारीचा शिपाई बसत नाही. एका पिकाच्या बाबतीत आपण पदार्थ आणि त्याचा दुरुपयोग वेगळे मोजतो, दुसऱ्याच्या बाबतीत मोजत नाही. उलट फूल खाण्याच्या बाजारात चढ्या भावाने जाऊ लागले तर भट्टीचा कच्चा माल महाग होतो. बंदीला बळ देणारा याहून सरळ मार्ग मला दिसत नाही. दारूबंदी चळवळीला खाण्याचे मोहफूल हा शत्रू वाटू नये, मित्र वाटावा.

आणखी एक शंका उरते: हे फूल उंची दुकानांत गेले तर ज्यांचे ते अन्न आहे त्यांच्याच तोंडून निघून जाईल. ही शक्यता आहे, आणि ती टळेल की नाही हे मालकी कोणाची यावर ठरेल. अनुसूचित क्षेत्रांतल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या १९९६च्या पेसा कायद्याने आणि २००६च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर गावाचा हक्क मान्य केला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. बांबूच्या बाबतीत जे झाले त्याने एक गोष्ट सिद्ध झाली की जंगलाचा माल गाव स्वतः विकू शकते, हिशेब ठेवू शकते आणि आपल्यासाठी किती राखायचे तेही ठरवू शकते. मोहासाठी हाच रस्ता आहे.

२०२१ साली महाराष्ट्र सरकारने मोहफुले गोळा करणे, बाळगणे आणि वाहतूक यांवरचे निर्बंध उठवले. त्याच वर्षी शेजारच्या छत्तीसगडमधून वाळवलेल्या मोहफुलांची एक खेप समुद्रमार्गे फ्रान्सला गेली, असे केंद्र सरकारच्या निर्यात संस्थेने जाहीर केले. तिचे उपयोग सांगताना मद्य, औषध आणि पाक अशी तीन नावे घेतली होती. एकोणिसाव्या शतकातल्या त्या फ्रेंच व्यापाराच्या यादीत पाक नव्हता. दोन्ही जिल्ह्यांतले बचत गट आज मोहाचे लाडू करतात, प्रदर्शनांत विकतात. पण प्रदर्शन संपले की माल उरतो, कारण रोजच्या बाजारात खाण्याच्या मोहफुलाला वेगळा भाव नाही.

म्हणून ग्रामसभांनी, आदिवासी विकास महामंडळाने आणि वन विभागाने येत्या हंगामाआधी एक काम करावे. खाण्याचे मोहफूल आणि इतर मोहफूल अशा दोन प्रती ठरवाव्यात, जाळीवर झेललेल्या, केसर काढलेल्या फुलाला वरचा भाव जाहीर करावा आणि तो गावातच रोख द्यावा. चंद्रपूरच्या हॉटेलवाल्यांनी आणि बेकरीवाल्यांनी आपल्या कपाटात एक खण त्यासाठी मोकळा करावा. ताडोब्याचे वाघ पाहायला येणाऱ्या हजारो पर्यटकांनी परतताना मोहाचा लाडू मागावा, आणि नाही मिळाला तर का नाही, हे विचारावे.